पेटीला प्लास्टिक गुंडाळू नकोस

प्रिय मंजू,

तुझा काल रात्रीचा व्हॉइस मेसेज परत परत ऐकला, मागे पावसाचाच आवाज जास्त होता, पण मधमाश्यांच्या पेटीचं छप्पर गळतंय आणि उद्या सगळी पेटी ताडपत्रीत गुंडाळून टाकणार एवढं नीट कळलं, म्हणून लगेच लिहायला बसले. व्हॉट्सअ‍ॅपवर तुकड्यातुकड्यात हे सांगून होणार नाही. गुंडाळू नकोस गं. छपरावर फक्त वरून, चारी बाजूंनी जरा बाहेर येईल असा ताडपत्रीचा तुकडा टाक, वर दोन विटा ठेव, पण बाजू आणि छपराच्या कडेखालची जाळीची भोकं उघडी राहू देत. दोन-चार दिवस तेवढ्यावर निभेल.

कारण सांगते. पेटीला पाणी बाहेरून येतं तसं आतूनही येतं. पावसात फुलोरा नसतो म्हणून आपण साखरेचा पाक देतो, एकास एक केला तर त्यात वजनाने निम्मं पाणीच असतं, आणि माश्या तो साठवताना ते पाणी उडवतात, ते जाणार कुठे? हवेतच. वर त्यांचा श्वास आहे, पिल्लांच्या भागात त्या साधारण ३५ अंश ऊब धरून ठेवतात, ती गरम ओली हवा वर चढते आणि थंड पत्र्याला लागली की थेंब होऊन खाली टपकते. म्हणजे तू ताडपत्री गुंडाळलीस तर बाहेरचं पाणी थांबेल आणि आतलं सुरू होईल, आणि तुला वाटेल अजून गळतंयच.

आणि आपल्या सातेरीचं, म्हणजे पेटीत पाळतो त्या देशी मधमाशीचं, अजून एक आहे. पंखांनी हवा खेळवताना युरोपियन माशी दाराशी तोंड आत करून बसते आणि आतली हवा बाहेर ओढते, आपली सातेरी बरोब्बर उलटी, तोंड बाहेर करून बाहेरची हवा आत ढकलते. आत ढकललेल्या हवेला दुसरीकडून बाहेर पडायला वाट नको का? ती वाट म्हणजे वरची ती जाळीची भोकं, म्हणून ती बुजवायची नाहीत, कितीही पाऊस असला तरी. बारीक फटींचंही तसंच, युरोपियन माश्या झाडांची राळ आणून फटी लिंपून टाकतात, प्रोपोलिस म्हणतात ते, पण सातेरी ते जवळपास वापरतच नाही. म्हणजे छपराची फट तिच्या भरवशावर सोडता येत नाही, ती आपल्यालाच बंद करावी लागते. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, आपण त्यांना लाकडाच्या खोक्यात ठेवलं तर त्या खोक्याचं छप्पर ही आपली जबाबदारी, झाडाच्या ढोलीत त्यांनी स्वतःची जागा स्वतः बघून निवडली असती.

तर आधी हे ठरव की छप्पर खरंच गळतंय का आतला दमटपणा आहे. पाऊस नसलेल्या दिवशी सकाळी लवकर छपराची आतली बाजू बघ. सगळीकडे सारखे बारीक थेंब असतील तर तो दमटपणा आहे, भोकांच्या जाळीवर कोळिष्टकं किंवा मुंग्यांची माती बसलीये का ते बघ, बहुतेक तेच असतं. एकाच ठिकाणी ओलं असेल, लाकडावर तपकिरी ओघळ असेल, आणि तो ओघळ एखाद्या खिळ्यापासून निघत असेल, तर ती गळती. मला तुझ्या बाबतीत हीच शंका आहे, कारण तुझ्या छपराचा फोटो मी मे महिन्यात बघितला होता, सपाट पत्रा आणि त्याच्यावर वरून ठोकलेले खिळे. माझ्या पेटीलाही सुताराने असंच केलं होतं. उन्हाळ्यात लाकूड सुकतं, आक्रसतं, पावसात फुगतं, आणि या सगळ्यात खिळा हळूहळू सैल होतो, त्याच्या माथ्याखाली केसाएवढी जागा होते आणि तिथून पाणी खिळ्याच्या अंगाने सरळ आत उतरतं. कितीही सिलिकॉन वरून फासलं तरी पुढच्या उन्हाळ्यात परत सुटतं.

खरी दुरुस्ती म्हणजे पत्राच बदलायचा. माप छपरापेक्षा चारी बाजूंनी दोन-दोन इंच जास्त घ्यायचं आणि ती जादा बाजू खाली वाकवायची, म्हणजे पत्रा टोपणासारखा वरून बसतो. खिळे मारायचे ते फक्त त्या उभ्या बाजूंवर, वरच्या अंगाला एकही नाही. कोपरे कापायचे नाहीत, घडी घालून दाबायचे, कापले की तिथेच फट राहते. बोहरी आळीत पत्रा मिळतो आणि वाकवून देणारेही तिथेच आसपास सापडतात, मी अ‍ॅल्युमिनियमचा घेते, गंजत नाही आणि हलका असतो. वाकवलेली कड लाकडापासून थोडी बाहेर राहिली पाहिजे, चिकटली तर थेंब खाली पडायच्या ऐवजी लाकडावरूनच ओघळत येतो आणि पेटीच्या सांध्यात शिरतो. आणि कड इतकीही खाली यायला नको की जाळीची भोकं झाकली जातील, हे माप घेतानाच बघायचं.

जुने खिळे काढले की भोकांत लाकडाची बारीक खुंटी फेविकॉल लावून ठोकायची, वर पटाशीने सपाट करायचं. फळ्यांच्या सांध्यात फट असेल तर वितळवलेलं मेण ओतायचं, त्यांचंच मेण, त्याने काही अपाय नाही. सिलिकॉन लावलंस तर बाहेरूनच, आणि त्याचा व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत छप्पर पेटीवर ठेवायचं नाही. आणि एक हात जोडून सांगते, लाकडाला वाळवीचं औषध अजिबात लावू नकोस, तुमच्याकडे वाळवी आहे ते मला माहितीये, पण ते कीटकनाशक आहे आणि माशी पण कीटकच. लाकडाला बाहेरून जवसाचं तेल किंवा पांढरा रंग, आतून काहीच नाही.

छप्पर काढायचं ते उघडीप बघून, अकराच्या पुढे ऊन जरा वर आलं की, तेव्हा बऱ्याचशा माश्या बाहेर गेलेल्या असतात. दुसरं छप्पर हातात तयार ठेवूनच जुनं उचलायचं. थोडासाच धूर, आणि आपटायचं नाही. आतलं झाकण तसंच राहू दे, पोळी उघडून बघायचा मोह होईल पण पिल्लांना गार वारा लागतो आणि सातेरी आधीच घाबरट, पावसात उपाशी असताना जास्त त्रास झाला तर सगळ्याच्या सगळ्या पेटी सोडून उठतात. छपराखाली माश्यांचा घोळका बसलेला असेल तर छप्पर दारासमोर तिरकं टेकवून ठेव, त्या आपापल्या चालत आत जातील, झटकू नकोस, क्वचित राणी पण त्यात असू शकते.

पेटी उघडायला चांगला कोरडा दिवस मिळेल तेव्हा तळाची फळी मात्र साफ करायला हवी. ओल्या कचऱ्यात मेणकिडा वाढतो, आणि तो एकदा पोळ्यात शिरला की जाळीच जाळी. पोळ्यावर थोडी पांढरी बुरशी असेल तर घाबरू नकोस, माश्या भरपूर असतील तर त्या स्वतः पुसून काढतात. ज्या चौकटींवर माश्याच बसलेल्या नाहीत त्या काढून घे, कमी माश्यांना मोठं घर सांभाळता येत नाही. पाक संध्याकाळीच द्यायचा, दार बारीक करून, नाहीतर दुसऱ्या वसाहतीच्या माश्या लुटायला येतात. स्टँड पुढच्या बाजूला किंचित उतरता कर, म्हणजे काही पाणी शिरलंच तर दारातून बाहेर येईल. मुंग्या चढू नयेत म्हणून स्टँडच्या पायांखाली ठेवलेल्या वाट्यांत पावसाचं पाणी आपोआप भरतं पण गवत वाढून त्याचा पूल झालाय का ते बघत जा.

शंका असली तर गणेशखिंड रोडवर केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहेच, १९६२ पासूनची, एवढी मोठी संस्था आपल्या शहरात आहे आणि कितीजणांना माहितीच नाही याचं मला नेहमी वाईट वाटतं. तू पुण्यात येशील तेव्हा एकदा जाऊ बरोबर.

मला तुझी ही पेटी टिकायला हवी आहे गं. पावसाळा संपता संपता तुमच्या पौडच्या डोंगरांवर सोनकी फुलते, तेरडा असतो, आमच्या कोथरूडला असं काय आहे? आत्ताचे दोन महिने त्या कोरड्या राहिल्या तर पुढचं त्यांचं त्या बघतील. पायांना पराग लावून आत जाणाऱ्या दिसतायत का ते सांग, दिसत असतील तर बहुतेक राणी अंडी घालतेय आणि मला बरीच धास्ती कमी होईल.

छपराची बाहेरून लांबी, रुंदी आणि कडेची उंची टेपने मोजून पाठव, जाळीची भोकं वरून किती अंतरावर आहेत तेही, शुक्रवारपर्यंत मिळालं तर शनिवारी पत्रा वाकवून घेते आणि रविवारी चांदणी चौकातून सकाळीच निघते. तुझ्याकडची ती प्लायवूडची फळी कोरडी करून ठेव, दुरुस्ती होईपर्यंत तात्पुरतं छप्पर म्हणून लागेल, आणि आईंना सांग जेवायला मी आहे.

तुझी,
शुभा