नानास पत्र : इंग्लिसची कोठारं

विनिपेग

नाना,

उत्तराला फार उशीर झाला, हव्या तेवढ्या शिव्या घाल. तब्येत ठीक, साखर गोळीवर.

पण हे अडतीत हयात गेलेल्या माणसालाच सांगावं. इथे कॅनडात, मॅनिटोबा प्रांतात, इंग्लिस नावाची वस्ती आहे. तिथे १९२२ ते १९४१ दरम्यान बांधलेली पाच लाकडी धान्यकोठारं ओळीने उभी आहेत. प्रेअरीत, म्हणजे इथल्या गवताळ मैदानी मुलखात, आधी रूळ आले, गावं मागून. १८७२च्या कायद्याने वसाहत करणाऱ्याला १० डॉलर फीमध्ये १६० एकर जमीन मिळे. स्टेशनं साधारण ८-१० मैलांवर, कारण गहू घालून घोडागाडी त्याच दिवशी घरी परतायला हवी.

भरलेली गाडी काट्यावर तोलायची, गहू जाळीतून खड्ड्यात ओतायचा, रिकामी गाडी पुन्हा तोलायची. पट्ट्यावरच्या वाट्या गहू पार माथ्यावर नेत आणि तिथून फिरत्या नळीने तो हव्या त्या कप्प्यात पडे. कोठाराचा एजंट नमुना चाळणीवर घेऊन मातेरं वजा करी. म्हणजे आपला कडताच की! फरक एवढाच, इथे चाळणी दिसायची, तुझ्या मामांच्या काट्यावर अंगठा. यावर पुन्हा भांडायचं तर तयार आहे.

भिंती म्हणजे आडव्या फळ्या एकावर एक ठोकलेल्या. धान्याचा दाब तळाला जास्त, म्हणून भिंत तिथे जाड, वर पातळ. इंजिन मुद्दाम बाजूच्या खोलीत, कारण धूळ उडत असताना एखादं बेअरिंग तापलं की सगळं खाक.

घोर लागलाय तो पुढचा. ट्रक आले आणि दहा मैलांचं गणित मोडलं. १९९५ला सरकारने रेल्वेच्या धान्यवाहतुकीचं अनुदान बंद केलं. कितीतरी शाखामार्ग उखडले, धान्य दूरच्या काँक्रीटच्या मोठ्या कोठारांकडे वळलं. कोठार गेलं की दुकान, पोस्ट, शाळा पाठोपाठ. इंग्लिसची ओळ राष्ट्रीय वारसा म्हणून वाचली खरी, पण लाकूड राखणं म्हणजे छप्पर गळू न देणं, तळच्या खड्ड्यात पाणी साचू न देणं, आणि ते बघायला माणसं लागतात. गावात गहूच तोलला जात नसेल तर ती माणसं राहतील कशाला? तुमच्या उपबाजाराचंही हेच होईल का, सांग.

वहिनींचा गुडघा कसा आहे? धाकटा नोकरीला लागला म्हणे, पेढे कुठायत? तुरीचा भाव आणि हमाली दोन्ही कळव.

तुझा,
बापू