बिऱ्हाड तुझ्या ताब्यात देताना

एडिसन, न्यू जर्सी
एप्रिल २०२५

चि. निनाद यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, गाडी घेऊन जातो, बाकीचं यूट्यूबवर बघेन." जरूर बघ. पण यूट्यूबवाल्यांना आपली गाडी ठाऊक नाही, आणि मला तिचा खिळा न् खिळा ठाऊक आहे. शनिवारी तुम्ही याल तेव्हा मीरा सगळ्यांच्या मध्ये असेल, निम्मं बोलणं राहून जाईल. म्हणून लिहून ठेवते.

२००६ मध्ये ही मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घरच, आपण घेतली ती आजीसाठी. ती दर उन्हाळ्यात सांगलीहून सहा महिने यायची आणि त्यातले पाच महिने खिडकीतून पार्किंग बघत काढायची. गुडघ्यांमुळे तासाभराच्या वर तिला कारमध्ये बसवत नसे, सारखं बाथरूमला जावं लागे, बाहेरचं खाणं चालत नसे. कुठे जायचं म्हटलं की "तुम्ही जाऊन या, मी आहे घरी." बाबांना ते बघवेना. तीन वर्षं वापरलेली, २००३ची, २८ फुटी मोटरहोम त्यांनी शोधून काढली. खालचा सांगाडा फोर्डचा ई-४५०, इंजिन व्ही-१०. आजी कठड्याला धरून पायरी चढली, ओट्यावरून हात फिरवला, बाथरूमचं दार उघडून पाहिलं आणि म्हणाली, "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते हेच की!" त्या दिवसापासून ते बिऱ्हाड.

आता कामाचं. पहिली गोष्ट छप्पर, आणि दुसरीही छप्परच. इंजिन बिघडलं तर आवाज करतं, टायर फुटला तर कळतो. पाणी शिरलं तर वर्षभर काहीच कळत नाही. बाबांच्या हृदयाच्या ऑपरेशननंतर गाडी दोन हिवाळे जागची हलली नाही, हे तुला माहीत आहे. पुढचं आम्ही तुला सांगितलं नव्हतं. २०२३च्या वसंतात मी आत गेले तर ओल्या पुठ्ठ्यासारखा वास. ड्रायव्हरच्या डोक्यावरचा तुझा माळा आठवतो ना, जिथे तू पडदा लावून झोपायचास? तिथली गादी उचलली आणि कोपऱ्यातल्या प्लायवूडवर बोट ठेवलं, तर बोट आतच गेलं. चहात बुडवलेल्या टोस्टसारखं मऊ झालं होतं. वर चढून पाहिलं तर कपाळपट्टीवर जे पाच पिवळे दिवे आहेत, त्यातल्या डाव्या टोकाच्या दिव्याभोवतीच्या सीलंटला, म्हणजे फट बुजवणाऱ्या लेपाला, केसाएवढी चीर. नखाच्या टोकाएवढ्या जागेतून दोन वर्षं पाणी झिरपत होतं.

मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. गाडी उभी करण्याआधी एका वर्कशॉपला छप्पर तपासायचे पैसे दिले होते. कागदावर सगळ्या बरोबरच्या खुणा होत्या. पण वर वर्षांची धूळ तशीच, पावलाचा एक ठसा नाही. कुणी चढलंच नव्हतं. तेव्हापासून छप्पर मी कुणावर सोपवत नाही, तूही सोपवू नकोस. ते कुजकं लाकूड बाबांनी आणि मी मिळून काढलं. सगळं उघडं ठेवून दोन आठवडे पंखा लावला, नवीन प्लाय बसवलं, पाचही दिवे काढून खाली ब्युटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट पट्टी) लावून पुन्हा घट्ट केले. बाबा खाली बसून एकेक स्क्रू मोजून हातात देत होते. आता तो कोपरा ठोकून बघ, खणखणीत आहे.

तर वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, वर चढायचं. छप्पर रबराचं आहे, म्हणून पेट्रोलियम असलेला कुठलाही क्लीनर लावायचा नाही. साबणपाणी पुरे. एसी, झरोके, अँटेना, शिडीचे स्क्रू यांच्या भोवती बोट फिरवत जायचं. जिथे सीलंट सुटलेलं किंवा तडकलेलं दिसेल तिथे साफ करून आपोआप पसरणारं सीलंट भरायचं. खाली आलास की आतून भिंती तळहाताने दाबून बघ, खिडक्यांचे खालचे कोपरे विशेषकरून. दोन तासांचं काम आहे.

टायर सहा आहेत, मागे जोडी. त्यांची नक्षी बघून फसू नकोस. मोटरहोमचा टायर झिजण्याआधी म्हातारा होतो, कारण गाडी पळते कमी आणि उन्हात उभी राहते जास्त. टायरच्या बाजूला डीओटी (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आपल्यावर ३५१९ आहे, म्हणजे २०१९चा पस्तिसावा आठवडा. या उन्हाळ्याआधी सहाही बदलायचे. पैसे आम्ही देणार आहोत, त्यावर वाद नको. हवा नेहमी सकाळी, टायर थंड असताना बघायची. आणि दारावरच्या स्टिकरवर १४,०५० पौंड लिहिलंय ते एकूण वजन, माणसं, पाणी, डाळ-तांदूळ सगळं धरून. नुसतं ४० गॅलन पाणी भरलं तरी ३३० पौंड होतात. लांबच्या प्रवासात टाकी पाव भरून निघ, मुक्कामी पोचल्यावर भर.

फ्रिजचं मात्र नीट समजून घे, कारण तो घरातल्यासारखा नाही. त्यात कॉम्प्रेसर नाही. गॅसच्या ज्योतीवर किंवा विजेवर अमोनियाचं द्रावण तापतं, वर चढतं आणि आपल्या वजनाने खाली उतरतं. गाडी कलती उभी असेल तर द्रावण एका जागी साचतं, तिथेच करपतं, आणि मग तो फ्रिज पुन्हा थंड होत नाही. म्हणून मुक्कामाला पोचलं की आधी स्पिरिट लेव्हल (गाडी सपाट आहे का ते दाखवणारी बुडबुड्याची पट्टी) फ्रिजच्या तळाशी ठेवायची, लागतील तसे चाकाखाली ठोकळे द्यायचे, मगच फ्रिज चालू. यलोस्टोनला, २००८च्या जुलैमध्ये, फिशिंग ब्रिजच्या कॅम्पग्राउंडवर तो गॅसवर सारखा विझत होता, आठवतं? ती जागा जवळजवळ पावणेआठ हजार फुटांवर आहे. विरळ हवेत ज्योत नीट जळत नाही. विजेवर घेतला तसा चालला.

त्याच रात्री आजीचा भात कच्चा राहिला होता. तिथे पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं. तिने कुकरच्या तीनच्या पाच शिट्ट्या केल्या. पाचव्या शिट्टीला शेजारच्या गाडीतलं जोडपं घाबरून बाहेर आलं. अस्वलांमुळे त्या कॅम्पग्राउंडवर तंबूला परवानगीच नाही, त्यामुळे रात्री कसलाही आवाज झाला की सगळ्यांचे कान टवकारतात. आजीने त्यांना आत बोलावून गरम वरण-भात वाढला. इंग्रजीचा एक शब्द न बोलता, लिंबाची फोड पिळून दाखवत. तो उन्हाळा पेट्रोल चार डॉलरच्या वर गेल्याचा होता आणि गाडी गॅलनला आठ-नऊ मैल देत होती. बाबांच्या वहीत सगळा हिशोब आहे. मला त्या खर्चाचं कधी वाईट वाटलं नाही.

विजेचं थोडक्यात: आपली जोडणी ३० अँपची, म्हणजे सगळं मिळून ३,६०० वॉट. एसी चालू असताना मायक्रोवेव्ह आणि चटणीचा मिक्सर एकदम लावले की ब्रेकर पडतो. केतकीला हे आधी सांग. जनरेटर महिन्यातून एकदा दोन तास चालव, आणि तोही एसी लावून, रिकामा नको. नाहीतर कार्बोरेटरमध्ये पेट्रोल चिकटून बसतं. ऑक्टोबरात पाण्याचे पाइप रिकामे करून गुलाबी अँटीफ्रीझ (थंडीत न गोठणारं द्रव) भरायचं, शॉवरचा नळ विसरायचा नाही. टॉयलेटच्या टाकीची झडप मुक्कामात कायम बंद ठेव, टाकी बरीच भरली की मगच उघड, आणि आधी ती, मग आंघोळ-भांड्यांच्या पाण्याची, म्हणजे नळी आपोआप धुतली जाते. गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म मी गेल्याच महिन्यात नवीन बसवलेत. त्यांनाही मुदत असते, मागे तारीख लिहिली आहे.

आणि हे सगळ्यात आधी लागणार आहे: घरी एलिकॉट सिटीला जाताना जीपीएस तुला आय-९५ महामार्गावरून सरळ बाल्टिमोरच्या फोर्ट मॅकहेन्री बोगद्यात घालेल. जायचं नाही. आपली प्रोपेनची, म्हणजे फ्रिज-शेगडीच्या गॅसची, टाकी मोठी आहे, आणि दहा पौंडांहून मोठी टाकी असलेली गाडी त्या बोगद्यांत न्यायला बंदी आहे. झडप बंद केली तरी चालत नाही. पूर्वी आम्ही बाल्टिमोरच्या फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जायचो. तो २६ मार्च २०२४ला जहाज धडकून पडला. तेव्हा शहराच्या उत्तरेलाच ६९५ हा शहराभोवतीचा रस्ता घे, टॉसनकडून, पश्चिमेच्या बाजूने. वळताना मागचा भाग बाहेर फेकला जातो, हे पहिले पन्नास मैल डोक्यात ठेव. मीराची सीट पुढे तोंड असलेल्या बाकावर, पट्ट्याने. गाडी चालू असताना कुणी ओट्याशी उभं राहायचं नाही, अगदी मीरा रडली तरी. आजीलाही आम्ही उभं राहू दिलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात शेनॅन्डोआला न्यावं असं मला वाटतं. स्कायलाइन ड्राइव्हवरच्या मेरीज रॉक बोगद्याची उंची १२ फूट ८ इंच आहे, आपली गाडी एसीसकट ११ फूट २. स्टिअरिंगसमोर मी आकडा चिकटवून ठेवलाय, तो काढू नकोस. तिथल्या बिग मेडोज कॅम्पग्राउंडवर विजेची जोडणी नाही, पण संध्याकाळी हरणं अगदी पायरीपर्यंत येतात. मागची खोली आम्हा दोघांना द्या. बाबांना रात्री दोनदा उठावं लागतं, आणि आता माझेही गुडघे बोलायला लागलेत.

शनिवारी आठच्या आत पोच, ऊन चढण्याआधी छप्पर बघून घेऊ. शिडी मी धरते, या वेळी वर तू चढ. जुने कपडे घाल, ते सीलंट कशानेही निघत नाही.

तुझी,
आई