खिम्यातले पाणी आणि 'सोपी' पाककृती

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बीफ आणि चीज भरून ओव्हनमध्ये भाजलेल्या टॉर्टिला (मेक्सिकोतली पातळ पोळी) रॅपची व सोबतच्या सॉसची पाककृती 'सोपी' या विशेषणासह प्रसिद्ध झाली होती. ती मी एकही जिन्नस कमीजास्त न करता करून पाहिली आणि ती साफ फसली. पदार्थ बिघडला म्हणून वर्तमानपत्राला पत्र लिहिण्याचा माझा स्वभाव नाही. परंतु नंतर तोच पदार्थ तीन वेळा निरनिराळ्या रीतीने केल्यावर माझ्या ध्यानात आले की दोष हाताचा नसून छापलेल्या काही वाक्यांचा होता, आणि ही वाक्ये या पदार्थाच्या बऱ्याच पाककृतींमध्ये जशीच्या तशी फिरत असतात. म्हणून हे पत्र.

त्यांतले पहिले वाक्य असे, की खिमा शिजला म्हणजे त्यात मसाला आणि पाऊण कप पाणी घालून पाच मिनिटे उकळावे. हे वाक्य मुळात टाकोचे आहे. टाकोच्या कुरकुरीत कवचात खिमा ताटावर बसल्यानंतर भरतात आणि दोन मिनिटांत तो संपतो. तिथे तो थोडा सरबरीत असला तरच कवचाशी त्याचे जमते. रॅपचे तसे नाही. इथे खिमा चहूबाजूंनी बंद करून २०० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये १५ ते २० मिनिटे ठेवायचा असतो. त्या उष्णतेत सारणातल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नसते, आणि ती आतल्या बाजूने टॉर्टिलातच मुरते. माझ्या पहिल्या खेपेला वरची बाजू छान तांबूस दिसत होती, म्हणून मी उलथने खाली सरकवून पहिला रॅप उचलला, तर त्याचा तळ बेकिंग पेपरलाच चिकटून राहिला आणि सारण ट्रेवर ओघळले. एका कडेला घडी सुटून बाहेर आलेल्या चीजचा काळा पापुद्रा झाला होता. बाहेरून करपलेला आणि आतून लगदा झालेला असा पदार्थ एकाच ट्रेवर पाहण्याचा योग पाककृती तंतोतंत पाळल्यामुळे आला, याची मला गंमतही वाटली.

दुसऱ्या खेपेपासून मी पाणी बंद केले आणि वजनकाटा बाहेर काढला. ५०० ग्रॅम कच्चा खिमा मोठ्या आचेवर रुंद कढईत परतून पूर्ण कोरडा केला, सुटलेली चरबी निथळून काढली, तेव्हा त्याचे वजन ३६० ग्रॅमच्या आसपास भरले. उरलेले १४० ग्रॅम म्हणजे पाणी आणि चरबी. आपल्या पाककृतीप्रमाणे केले असते तर त्यातले बरेचसे सारणात राहिले असते, आणि वर आणखी पाऊण कपाची भर पडली असती. खिम्यात चरबी साधारण १५ ते २० टक्के असावी, हे माझे मत. याहून कमी चरबीचा खिमा भाजल्यावर भुसभुशीत लागतो, आणि जास्त चरबीचा खिमा नीट निथळला नाही तर टॉर्टिला तेलकट होतो. सगळी चरबी मात्र टाकून देऊ नये. कढईत मोठा चमचाभर ठेवून त्यातच कांदा, लसूण, जिरेपूड आणि शेवटी दोन मोठे चमचे टोमॅटो पेस्ट परतावी. मसाल्यांचा वास पाण्यापेक्षा स्निग्धांशात अधिक उतरतो, आणि टोमॅटो पेस्ट दोन मिनिटे परतली की तिचा कच्चा आंबटपणा जाऊन रंग विटकरी होतो. पाण्याने जे साधायचे होते, म्हणजे मसाला खिम्याला धरून राहणे, ते काम ही पेस्टच करते.

खिमा 'परतणे' आणि 'शिजवणे' यांत फरक आहे, तो पाककृतीत कुठेच दिसत नाही. मांसाला तांबूस रंग आणि खरपूस चव ज्या प्रक्रियेने येते तिला मायार प्रक्रिया म्हणतात. लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने अमिनो आम्ले आणि शर्करा यांच्यातल्या या क्रियेचे वर्णन १९१२ साली केले. ही क्रिया स्वयंपाकाच्या वेळात दिसण्याइतकी जोरात चालायला साधारण १४० अंशांच्या पुढचे तापमान लागते, आणि कढईत पाणी आहे तोवर मांसाचा पृष्ठभाग १०० अंशांच्या वर जात नाही. त्यामुळे लहान भांड्यात गच्च भरलेला, सतत ढवळलेला खिमा स्वतःच्याच पाण्यात उकळून राखाडी होतो. खिमा कढईत पसरून तीन-चार मिनिटे त्याला हात न लावणे ही यावरची युक्ती आहे. खालून चुरचुर आवाज येऊ लागला की पाणी आटले असे समजावे. हात न लावता उभे राहणे हे स्वयंपाकातले फार अवघड काम आहे, हे मात्र कबूल करते.

माझी दुसरी हरकत यापेक्षा गंभीर आहे. खिमा 'रंग बदलेपर्यंत' शिजवावा, असे आपण छापले आहे. अखंड मांसाच्या तुकड्यावर जिवाणू असलेच तर ते प्रामुख्याने पृष्ठभागावर असतात आणि बाहेरून नीट भाजल्यावर मरतात. खिमा करताना तोच पृष्ठभाग आत सर्वत्र मिसळला जातो. म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्याने अखंड बीफसाठी ६३ अंश सेल्सिअस आणि त्यानंतर तीन मिनिटांचा विसावा पुरेसा मानला असला, तरी खिम्यासाठी ७१ अंशांची मर्यादा घालून दिली आहे. रंगावर विसंबणे धोक्याचे आहे, कारण काही खिमा त्या तापमानाला पोचण्याआधीच तपकिरी दिसू लागतो. १९९३ च्या सुरुवातीस अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत अर्धवट शिजलेल्या हॅम्बर्गरमधून ई. कोलाय ओ१५७:एच७ या जिवाणूची बाधा सातशेहून अधिक लोकांना झाली आणि चार मुले दगावली. पुढच्याच वर्षी त्या देशात कच्च्या बीफच्या खिम्यात हा जिवाणू सापडल्यास तो माल भेसळयुक्त धरला जाऊ लागला. रॅप पुढे ओव्हनमध्ये जाणारच आहे, तेव्हा खिमा थोडा कच्चा राहिला तरी चालेल, असा वाचकाचा समज होणे अगदी साहजिक आहे. पण ओव्हनमधली ती थोडी मिनिटे टॉर्टिला भाजण्यासाठी आणि चीज वितळवण्यासाठी आहेत, मांस शिजवण्यासाठी नाहीत. खिमा कढईतच पुरता झाला पाहिजे. अन्नाचा तापमापक असेल तर काटा खिम्याच्या ढिगात खुपसून पाहावे, नसेल तर वर सांगितल्याप्रमाणे कोरडा आणि खरपूस होईपर्यंत परतावे. तसा परतलेला खिमा ७१ अंशांच्या बराच पुढे गेलेला असतो.

'दोन मोठे चमचे तिखट' या शब्दांनीही मला चांगलाच इंगा दाखवला. अमेरिकी पाककृतींतली 'चिली पावडर' म्हणजे नुसती मिरचीपूड नव्हे; ते सौम्य मिरची, जिरे, ओरेगानो, लसूण यांचे मिश्रण असते. भाषांतर करताना त्याचे 'तिखट' झाले की तीस मिलिलिटर शुद्ध मिरचीपूड अर्धा किलो खिम्यात जाते आणि खाणाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी काढते. त्याऐवजी चहाचा एक चमचा तिखट, तेवढीच जिरेपूड, अर्धा चमचा ओरेगानो आणि लसूण घेतले तर मूळ मिश्रणाच्या जवळ जाता येते.

टॉर्टिला कोणता घ्यावा, हे आपण सांगितलेले नाही. मक्याचा टॉर्टिला मेक्सिकोतला प्राचीन. तो चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्यापासून करतात. गहू स्पॅनिश लोकांबरोबर तिकडे गेला आणि उत्तर मेक्सिकोत गव्हाचा टॉर्टिला रुजला. (स्पेनमध्ये मात्र टॉर्टिला मागितला तर समोर अंडी-बटाट्याचे जाडजूड ऑम्लेट येते.) मक्यात ग्लुटेन (गव्हाच्या पिठाला ताण देणारे प्रथिन) नसल्यामुळे त्याची बंद घडी घालताना तो चिरतो, म्हणून या पदार्थाला गव्हाचाच टॉर्टिला हवा. तोही पाकिटातून काढून थेट दुमडू नये. थंड राहिलेला टॉर्टिला ताठरतो, आणि कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी वीस-वीस सेकंद गरम केला की पुन्हा मऊ होतो. २० सेंटिमीटरच्या एका टॉर्टिलात ५५ ग्रॅमच्या आसपास सारण आणि २५ ग्रॅम चीज मावते, म्हणजे वरच्या मापात आठ रॅप होतात. आपल्या पाककृतीत तेवढेच सारण सहांत कोंबायचे होते. घडी सुटली त्याला हेही एक कारण.

सारण भरण्यापूर्वी ते ताटात पसरून कोमट होऊ द्यावे. दहा मिनिटांत जेवढी वाफ ताटातून निघून जाते तेवढी नंतर टॉर्टिलाच्या वाट्याला येत नाही. आधी थोडे चीज, त्यावर खिमा, त्यावर पुन्हा चीज असे थर दिले तर वितळलेले चीज सारणाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवते. चीज अखंड वडीचे आणून आयत्या वेळी किसावे. पाकिटातल्या तयार किसाला तो चिकटू नये म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेले असते आणि ते वितळल्यावर किंचित पिठूळ लागते. कोवळे चेडर किंवा माँटेरे जॅक गुळगुळीत वितळते, फार मुरलेल्या चेडरमधून तेल सुटते, आणि दुधात आम्ल घालून केलेले चीज कितीही तापवले तरी वितळतच नाही. घडी घालताना आधी दोन्ही बाजू आत घ्याव्यात, मग आपल्याकडची कड सारणावर घट्ट ओढून सुरळी करावी.

ट्रे ओव्हनबरोबरच तापत ठेवावा. गरम ट्रेवर तेलाचा हात फिरवून रॅप घडीची बाजू खाली करून ठेवला की ती कड लगेच शेकून बंद होते. वरूनही ब्रशने तेल लावावे आणि दहा मिनिटांनी रॅप उलटावेत. ओव्हनला पंखा असेल तर तापमान २० अंशांनी कमी ठेवावे. बाहेर काढलेले रॅप जाळीवर ठेवावेत. ताटात ठेवले तर स्वतःच्याच वाफेने खालून सादळतात आणि केलेले सगळे काम पाण्यात जाते.

सॉसला आपण एकच ओळ दिली आहे, 'मेयोनीज व केचप एकत्र करावे'. त्याने भागते, पण आधीच चीज आणि चरबी असलेल्या घासाला गोडापेक्षा आंबट जोड अधिक हवी असते. अर्धा कप सावर क्रीम किंवा निथळलेले घट्ट दही, दोन मोठे चमचे मेयोनीज, एका लिंबाचा रस, मीठ, आणि चिपोत्लेची एखादी मिरची ठेचून, एवढ्यात उत्तम सॉस होतो. चिपोत्ले म्हणजे पिकून लाल झालेली हालापेन्यो मिरची धुरावर सुकवलेली; तिचा धुरकट वास भाजलेल्या खिम्याशी फार छान जुळतो. लसूण घालायचा असल्यास तो ठेचून थेट दह्यात टाकू नये. लिंबाच्या रसातच किसून दहा मिनिटे ठेवावा. लसणाचा उग्रपणा ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे) तयार होतो ते आम्लात मंदावते, आणि चव राहून झोंबणे कमी होते. मिरचीतले कॅप्सायसिन पाण्यात जेमतेम विरघळते, दुधाच्या पदार्थांनी मात्र त्याची आग शमते. माझ्या पहिल्या खेपेच्या तिखटाच्या प्रसंगी पाण्याचे पेले कुचकामी ठरले आणि नुसत्या दह्याने हात दिला. सॉस अर्धा तास आधी करून फ्रिजमध्ये मुरू द्यावा, आणि तो रॅपच्या आत भरण्याचा मोह टाळावा.

उरलेले रॅप दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवले तर तीन दिवस चांगले राहतात. पुन्हा गरम करताना मायक्रोवेव्ह वापरू नये, नाहीतर पुन्हा तोच लगदा.

आपल्या पुरवणीतल्या पाककृती कापून वहीत चिकटवणारे माझ्यासारखे वाचक बरेच असतील. तेव्हा पाणी, तिखट आणि 'रंग बदलेपर्यंत' या तीन ठिकाणांची दुरुस्ती आपण छापावी, आणि ती मूळ पाककृतीच्याच स्तंभाच्या रुंदीत छापावी, म्हणजे जुन्या कात्रणाखाली नीट बसेल.

आपली,
एक नियमित वाचक