समाधान शिकावं लागतं रे

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज चार दिवस तसाच ठेवला कारण दोन ओळीत उत्तर द्यायचं नव्हतं. तू विचारलंस, खरं सांग, ख्रिस्ती विश्वासात आल्यावर तू सुखी झालास की नुसतं तसं म्हणतोस? सुखाचं माहीत नाही रे, पण समाधानी व्हायला लागलोय, आणि तेही अगदी अलीकडे.

माझं प्रमोशन हुकलं ते वर्ष आठव. माझ्यानंतर जॉइन झालेला पुढे गेला, आणि मी रोज रात्री त्याच्या नव्या घराचे फोटो बघत पडायचो, लाईट बंद, बायको झोपलेली, मोबाईल हातात तापलेला, आणि तोच एक बाल्कनीचा फोटो दोन बोटांनी मोठा करून बघतोय. जेवण जायचं नाही. प्रार्थना करायचो, पण सगळी तक्रारच.

त्याच दिवसांत बायबलमधली अहाब राजाची गोष्ट वाचली, पहिले राजे या पुस्तकात, अध्याय 21. अख्खं राज्य आहे त्याच्याकडे, पण नाबोथ आपला वडिलोपार्जित द्राक्षमळा देत नाही म्हणून हा पलंगावर तोंड फिरवून पडलाय, जेवत नाही. अंगावर काटाच आला, कारण पुढे त्या मळ्यापायी नाबोथाचा जीव गेला. त्या रात्री पहिल्यांदा मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून झोपलो.

मग फिलिप्पैकरांस पत्र, म्हणजे प्रेषित पौलाने फिलिप्पै गावच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेलं पत्र, नीट वाचायला घेतलं. ख्रिस्ताच्या सामर्थ्याने मी सर्वकाही करू शकतो, हे वचन आपण परीक्षेला, इंटरव्ह्यूला कुठेही लावतो, पण त्याच्या आधीच्या ओळी बघ ना, पौल तिथे पोटभर असण्याबद्दल आणि उपाशी असण्याबद्दल बोलतोय, आणि तेही कैदेत बसून, मंडळीने पाठवलेल्या मदतीचे आभार मानता मानता. मला त्यातला एकच शब्द धरून बसला, "शिकलो", आहे त्या स्थितीत समाधानी राहायला शिकलो. म्हणजे पौलालाही ते आयतं मिळालं नव्हतं! आणि हे ज्यांना लिहितोय त्यांच्याच गावात त्याने आधी फटके खाल्लेले, पाय खोड्यात अडकलेले, आणि मध्यरात्री तो आणि त्याचा सोबती सीला देवाची गाणी गात होते. तिथल्या तुरुंगाच्या अधिकाऱ्याने तर स्वतः त्यांच्या जखमा धुतल्या. त्या लोकांना हे शब्द पोकळ वाटलेच नसतील.

आणि एक, समाधानी माणसाने काही मागायचंच नाही असं मला आधी वाटायचं, ते चूक आहे. पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा एक त्रास, निघावा म्हणून देवाला 3 वेळा विनवणी केली. काटा राहिला, पण माझी कृपा तुला पुरे आहे असं उत्तर मिळालं. मीही अजून मागतो. प्रमोशन अजून झालेलं नाही, आणि काही दिवस पोटात तसंच ढवळतं, मग सकाळी परत गुडघे टेकतो. रानात देव इस्राएल लोकांना जे अन्न द्यायचा, त्या मान्न्यासारखं आहे बघ हे, रोजचा रोज गोळा करायचा, दुसऱ्या दिवसासाठी ठेवला की किडे पडायचे. कालचं समाधान आज पुरत नाही मला. पण आजचं आज मिळतं, हे मात्र अगदी खरं सांगतो. परवा त्याच माणसाला वाढदिवसाचा फोन केला, मनापासून, आणि फोन ठेवल्यावर मलाच रडू आलं.

तुझं कसं चाललंय ते सविस्तर लिही. आईच्या ऑपरेशनची तारीख ठरली की लगेच कळव, रोज सकाळी तिचं नाव प्रार्थनेत घेतोय.

तुझाच