मनीचे दुसरे नाव

चि. बाळ हिस अनेक आशीर्वाद.

शनिवारच्या रात्रीची हकिगत सांगणारे तुझे पत्र परवा मिळाले. त्यातली फुलांच्या गुच्छाची ओळ वाचताच मी तुला फोन केला, आणि तू लगेच ती फुलदाणी घराबाहेर नेलीस, हे बरे झाले. लिलीची फुले दिसायला कितीही सात्त्विक असली तरी मांजरासाठी ती विष आहेत. पाकळी, पान, अंगावर सांडून चाटण्यात गेलेले पराग, इतकेच काय, फुलदाणीतले पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडे निकामी करू शकते. उपचार पहिल्या काही तासांत मिळाले तर मांजर वाचण्याची आशा असते, उशीर झाला तर ती फार थोडी उरते. मनीने गुच्छाला तोंड लावले नसावे असे तुम्हा चौघींना वाटत असूनही तुम्ही तिला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे दाखवून आणलेत, याचे मला कौतुक वाटले. ही तातडीची गोष्ट फोनवर झाली. बाकीचे मात्र फोनवर बोलण्यासारखे नव्हते, म्हणून लिहायला बसलो आहे.

हिशेब जुळत नसला की सगळे आकडे पुन्हा आपल्या हाताने मांडावेत, ही माझी जुनी सवय तुला ठाऊक आहे. म्हणून तू लिहिलेलेच पुन्हा मांडतो. तुमच्या चौघींपैकी सर्वांत अबोल मुलीचा वाढदिवस होता. तिला सुगावा लागू न देता तुम्ही तिघींनी बेत आखला, पंधरा जणांना बोलावले, बैठकीच्या खोलीत फुगे आणि रिबिनी लावल्या, आणि कोणाच्या तरी ओळखीतून मोठा स्पीकर आणून तो सरळ जमिनीवर ठेवला. नऊच्या सुमारास दोन फुगे पाठोपाठ फुटले आणि मनी खिडकीतून बाहेर गेली, हे कोणाच्याच लक्षात आले नाही. साडेदहाला दाराची घंटा वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या काकू होत्या. त्यांनी तोंड उघडण्यापूर्वीच तू म्हणालीस, "काकू, वर्षातून एकच दिवस असतो, एवढे चालवून घ्या ना." त्या "बरं" म्हणाल्या आणि परत गेल्या. मध्यरात्री मनी घरात नाही हे कळले, दोन वाजेपर्यंत तुम्ही बॅटऱ्या घेऊन जिन्यात आणि अंगणात तिला हाका मारत फिरलात, आणि सकाळी समजले की ती रात्रभर काकूंच्याच कपाटात, घडी केलेल्या शालींवर अंग चोरून बसली होती. काकू हेच सांगायला वर आल्या होत्या.

तुझ्या पत्रात या प्रसंगाला चार ओळी आहेत आणि त्यापुढे दीड पान काकूंनी "तेव्हाच स्पष्ट सांगायला काय हरकत होती" यावर आहे. हे प्रमाण मला उलटे वाटते. दार उघडतानाच तू त्यांची तक्रार ऐकून घेतली होतीस, ती त्यांनी केली नव्हती तरी. समोरच्या माणसाचे वाक्य आपणच त्याच्या तोंडात घालायचे आणि त्या वाक्याला चोख उत्तर द्यायचे, ही खोड आपल्या घराण्यातली आहे. तुझ्या आजोबांत होती, माझ्यात आहे, आणि तुझी आई ती मला आठवड्यातून एकदा तरी दाखवून देते.

आता आवाजाबद्दल. तू लिहिलेस की आवाज "काही फार नव्हता, आम्हाला एकमेकींशी नीट बोलता येत होते." तुमच्या खोलीत ते खरेच असेल. मात्र भिंत आणि जमीन सगळे स्वर सारखे अडवत नाहीत. उंच पट्टीचे स्वर, गाण्याचे शब्द, हसणे, हे बरेचसे आत राहते, आणि खालच्या पट्टीचा ठोका पलीकडे जातो. सेकंदाला 50 कंपनांच्या ध्वनीची एक लाट हवेत सुमारे 7 मीटर लांब असते. तिला तुमच्या खोलीची भिंत म्हणजे फारसा अडथळाच नव्हे. त्यात स्पीकर जमिनीवर ठेवला की जमीनच थरथरते आणि खालच्या घराचे छत वाजू लागते. म्हणजे तुम्ही वर गाणे ऐकत होतात आणि काकू खाली गाण्यावाचून नुसता धप्प-धप्प असा ठोका ऐकत होत्या, तोही दीड-दोन तास. स्पीकर टेबलावर, जाड घडी घातलेल्या चादरीवर ठेवला असता, ठोक्याचे बटण अर्धे खाली आणले असते, तर तुमच्या मजेत काडीचाही फरक पडला नसता. खुर्च्या सरकवण्याचेही तेच. वर केवळ खरखर वाटते, खाली ती डोक्यावर दगड ओढल्यासारखी ऐकू येते. खुर्च्यांच्या पायांना नमद्याच्या चकत्या चिकटवायला अर्धा तास लागतो. ते काम या रविवारी उरकून टाक.

मनीची गोष्ट याहून वेगळी. माणसाला सेकंदाला 20 हजार कंपनांपर्यंतचे स्वर ऐकू येतात, मांजराला सुमारे 85 हजारांपर्यंत. उंदराची चिवचिव टिपण्यासाठी घडलेल्या त्या कानांजवळ दोन फुगे फुटले, तेव्हा तिने खिडकी गाठली यात नवल नाही. नवल हे की पंधरा-वीस माणसांच्या घरात एकीलाही, मनीला आतल्या खोलीत तिची पेटी, पाणी आणि अंथरूण देऊन दार लावून घ्यावे, असे सुचले नाही. रिबिनींचे तर विचारूच नकोस. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेने वळलेले असतात, त्यामुळे दोरा किंवा रिबीन एकदा तोंडात गेली की ती थुंकणे तिला जमत नाही, ती आत आतच जाते आणि आतड्यांना चुणून टाकते. पुन्हा कधी असे झाले आणि तोंडातून किंवा मागून टोक बाहेर दिसले, तर ते ओढू नका, सरळ डॉक्टर गाठा.

मनीने केकवरचे क्रीम चाटले यावर तुमच्यात जो वाद झाला, तो वाचून मात्र मला हसू आले. "तिलाही गोड आवडते" म्हणणारी तुझी मैत्रीण चुकते आहे. गोड चव ओळखायला लागणाऱ्या दोन जनुकांपैकी एक मांजरात निकामी झालेले असते, हे 2005 मध्ये सिद्ध झाले आहे. मनीने खाल्ली ती स्निग्धता, साखर तिच्या गावीही नव्हती. केक चॉकलेटचा नव्हता हे नशीब, कारण चॉकलेटमधले थिओब्रोमिन मांजराला बाधते. आणि ज्या मुलीने मेणबत्त्या फुंकल्यावर केक खायला नकार दिला, तिला तुम्ही सगळ्या हसलात, ते मला आवडले नाही. अमेरिकेतल्या क्लेमसन विद्यापीठातल्या मंडळींनी 2017 मध्ये नेमका हाच प्रयोग केला होता. फुंकर मारल्यावर क्रीमवरचे जिवाणू सरासरी 1400 टक्क्यांनी वाढलेले त्यांना आढळले. निरोगी माणसाला त्याने काही होते असे नाही, मीही तो केक खाल्ला असता, पण तिची शंका हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. एक तुकडा आधी कापून बाजूला ठेवला असता तर वादच मिटला असता.

हे सगळे झाले तरी मला सर्वांत जास्त खटकली ती तुझ्या पत्राच्या शेवटाकडची ओळ: "जिच्यासाठी एवढे केले ती मात्र अर्धा तास बसली आणि डोके दुखते म्हणून स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत राहिली." तू ही ओळ रागाने लिहिली आहेस. मी ती दोनदा वाचली आणि मला तिशीच्या आतले माझे दिवस आठवले.

आम्ही चौघे मित्र भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. त्यांतला एक कारखान्यात रात्रपाळी करायचा. कोणत्याशा अर्जासाठी त्याचे कागद टेबलावर पडले होते, त्यावरची जन्मतारीख मी वाचली आणि मनात नोंदून ठेवली. त्या दिवशी सकाळी साडेसातला तो पाळी संपवून दारात आला, तेव्हा आम्ही तिघे टाळ्या वाजवत उभे होतो, शेजारची चार मुले गोळा केली होती, कागदी टोपी होती, सगळे होते. त्याने टोपी घातली. ती त्याला लहान होत होती, तिचा रबर त्याच्या हनुवटीखाली रुतला होता आणि तो डोळे जड झालेले असतानाही हसत होता, हे मला आजही दिसते. दोन तास तो आमच्याबरोबर बसला आणि मग टोपीसकटच झोपला. पुढे तीन वर्षांनी, तो खोली सोडून निघाला त्या संध्याकाळी, सामान बांधताना सहज म्हणाला, "आणि हो, माझा वाढदिवस त्या दिवशी नसतो. शाळेत नाव घालताना वडिलांना तारीख आठवली नाही, त्यांनी सुचेल ती सांगितली." तीन वर्षे आम्ही त्याचा चुकीच्या दिवशी वाढदिवस करत होतो, आणि प्रत्येक वेळी रात्रपाळीनंतर. तो एकदाही बोलला नाही, कारण आम्ही कधी विचारलेच नव्हते. मी त्याच्या कागदांना विचारले होते.

तुमच्या अबोल मुलीची तारीख खरीच असेल, पण तिला पंधरा माणसे हवी होती की चौघींनी मिळून निवांत जेवणे, हे तुमच्यापैकी कोणी तिला विचारले होते का? "विचारले असते तर गंमत गेली असती," असे तू म्हणशील. गंमत कोणाची, हा माझा प्रश्न आहे. जी मुलगी रोज सगळ्यांच्या आधी उठून ओटा पुसून ठेवते आणि घरखर्चाच्या वहीत आपले नाव कधी मागे पडू देत नाही, तिला दुसऱ्या दिवशी सकाळी क्रीम माखलेली खोली आणि चिकट लादी पाहावी लागणार हे ती केक कापतानाच मोजत असणार. भांडी ती रागाने घासत नव्हती. तिच्या वाढदिवसाचे काम तिलाच करावे लागेल हे तिला ठाऊक होते, ते तिने थोडे आधी सुरू केले, इतकेच. खर्च चौघींच्या सामाईक डब्यातून झाला, असेही तू लिहिले आहेस. म्हणजे तिच्या वाढदिवसाचा पाव खर्च तिनेच दिला. तो आधी तिला परत करा, आणि त्यावर भाषण करू नका.

काकूंकडे तू अजून गेली नाहीस, हे मला तुझ्या पत्रात न लिहिलेल्या गोष्टींवरून कळते. जा. काही नेण्याची गरज नाही, आणि मोठ्या माफीचीही नाही. "त्या रात्री तुम्ही मनीचे सांगायला आला होतात आणि मी तुम्हाला बोलू दिले नाही," एवढे एक वाक्य पुरे आहे. त्यानंतर त्या बोलतील ते मात्र मधे न तोडता ऐक. एखादी गोष्ट त्या दोनदा सांगतील, एकट्या राहणाऱ्या माणसांचे तसे होते. तेव्हा घड्याळाकडे बघू नकोस. पुढच्या वेळी घरात माणसे जमणार असतील तर दोन दिवस आधी खाली जाऊन किती वाजेपर्यंत चालेल हे त्यांनाच विचारून ये, आणि त्या जी वेळ सांगतील तिच्या आधी पंधरा मिनिटे स्पीकर बंद कर.

काकू रोज दुपारी मनीला घरात घेतात, त्यांना तिची सोबत होते, त्या तिला "सगुणा" म्हणतात, आणि हे गेले सात-आठ महिने चालू आहे, हे कळल्यावर तुम्हा चौघींना जरा फसवल्यासारखे वाटले, असे तू लिहिलेस. मला तर त्यात मनीचे शहाणपणच दिसते. सकाळी तुमच्याकडे, दुपारी त्यांच्याकडे, आणि दोन्हीकडे ती उपाशी असल्याचा चेहरा करते. फक्त एकदा दोन्ही घरांनी बसून तिच्या खाण्याचे माप ठरवून घ्या, नाहीतर ती वर्षभरात खिडकीतून मावेनाशी होईल. लसी कधी झाल्या आणि पुढच्या कधी, हा कागदही काकूंकडे एक असू दे.

ती अजून पलंगाखालून नीट बाहेर येत नाही म्हणतेस, तर तिला ओढून काढू नका. जमिनीवर थोड्या अंतरावर बस, तिच्याकडे पाहून डोळे हळूहळू मीट आणि हळूहळू उघड. असे केल्यावर मांजरे उलट तसेच डोळे मिटतात आणि जवळ येण्याची शक्यता वाढते, हे ब्रिटनमधल्या संशोधकांनी 2020 मध्ये तपासून पाहिले आहे. मी आपल्या कुंपणावर येणाऱ्या बोक्यावर हा प्रयोग केला. त्याने डोळे मिटले नाहीत, पण पळूनही गेला नाही.

आणखी एक. मांजरांना आपले नाव इतर शब्दांतून वेगळे ओळखता येते, असे जपानमधल्या संशोधकांना 2019 मध्ये दिसून आले. तुमच्या बाईसाहेबांना तर दोन नावे आहेत. काकूंकडे जाशील तेव्हा तिथे ती कपाटावर बसलेली असली, तर आधी तू "मनी" म्हण, मग काकूंना "सगुणा" म्हणू दे, आणि कोणत्या हाकेला तिचा कान आधी वळतो ते मला कळव. आईने "सगुणा"वर पैज लावली आहे.

तुझा,
बाबा