बँडसाठी गाणे लिहिणाऱ्यांचीही दखल घ्यावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणेशोत्सव जवळ आला की मिरवणुकीत काय वाजावे आणि काय वाजू नये, यावर आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात चर्चा सुरू होते. यंदा तिचा रोख ब्रास बँडकडे वळलेला दिसतो. बँडपथकांनी चित्रपटगीते, मालिकांची शीर्षकगीते आणि ‘इंग्रजी सिनेमांच्या धून’ वाजवणे बंद करावे आणि भक्तिगीते व देशभक्तिपर गीते एवढ्यांवरच थांबावे, अशा आशयाची काही पत्रे वाचली. शहरातल्या शाळकरी मुलांना मी अनेक वर्षे बँड शिकवला आणि त्यांच्यासाठी गाणी लिहून काढली, म्हणजे कोणत्या वाद्याने काय वाजवायचे ते कागदावर उतरवले, म्हणून या मागणीविषयी माझे मत मांडत आहे. पत्रलेखकांना जे कानाला टोचते ते मलाही टोचते. पण त्याचे कारण त्यांनी चुकीच्या ठिकाणी शोधले आहे असे मला वाटते. गाणे चित्रपटातले आहे की देवाचे, यावर बँडचा नाद ठरत नाही. ते गाणे त्या वाद्यांसाठी कोणी नीट लिहिले आहे की नाही, यावर तो ठरतो.

ज्या देशभक्तिपर गीतांचा आग्रह धरला जातो त्यांचेच उदाहरण घेऊ. ‘ऐ मेरे वतन के लोगो’ हे कवी प्रदीप यांचे गीत सी. रामचंद्र यांनी स्वरबद्ध केले आणि 27 जानेवारी 1963 रोजी दिल्लीत लता मंगेशकर यांनी ते गायले. 2022 साली दिल्लीत प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याची सांगता करणाऱ्या ‘बीटिंग रिट्रीट’च्या कार्यक्रमातून एक जुने इंग्रजी स्तोत्र वगळून हीच धून सैनिकी बँडने विजय चौकात वाजवली, तेव्हा त्या बदलाच्या बाजूने आणि विरोधात भरपूर लिहिले गेले. एका स्त्रीच्या आवाजासाठी, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) आणि ठहरावासह बांधलेली ही चाल उघड्या मैदानात फुंकवाद्यांच्या मोठ्या ताफ्याला वाजवता यावी यासाठी कोणाला तरी प्रत्येक वाद्याचा भाग वेगळा लिहून काढावा लागला असणार, हे मात्र त्या चर्चेत कुठे आलेले मला आठवत नाही. आणि सी. रामचंद्र हे तरी कोण? आपल्याच नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या पुणतांब्याला जन्मलेले, हिंदी चित्रपटांचे संगीतकार. चित्रपटसंगीत आणि बँड यांच्यामध्ये भिंत उभी करू पाहणाऱ्यांना ती कुठे उभी करायची, हे ठरवणे अवघड जाईल.

खरे तर या दोहोंचे घराणे पूर्वीपासून एकच आहे. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत ज्यांनी व्हायोलिनचे ताफे आणि ट्रंपेटचे तुकडे लिहिले त्या सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस आदी गोव्याच्या संयोजकांची, म्हणजे गाणे वाद्यांत वाटून लिहिणाऱ्यांची, पिढी पाश्चात्त्य नोटेशन वाचत वाढलेली होती, आणि त्यांच्यापुढे वाजवणाऱ्यांत नृत्यबँडमधले वादक मोठ्या संख्येने होते. पुण्यात प्रभात, दरबार या बँडची नावे काढली की जुन्या पुणेकरांना लग्नाच्या वराती आणि लक्ष्मी रस्त्यावरची विसर्जन मिरवणूक आठवते, तीही बहुतेक चित्रपटातल्याच गाण्यांसह. तेव्हा कोणी नाक मुरडत नव्हते.

मग आज बँड कानाला का टोचतो? बहुतेक ठिकाणी लिहिलेले असे काही नसतेच. मोबाइलवर गाणे ऐकून क्लॅरोनेट, ट्रंपेट, सॅक्सोफोन आणि युफोनियम (जाड आवाजाचे पितळी वाद्य) ही सगळी वाद्ये एकच चाल आपापल्या सप्तकात वाजवतात, गाडीवर बांधलेला कीबोर्ड मधले पीस भरून काढतो आणि कर्ण्यांमधून तोच सगळ्यांच्या वर ऐकू येतो. शिवाय उन्हात फुंकवाद्यांचा स्वर चढतो, कारण नळीतली हवा तापते आणि तिच्यातून ध्वनी अधिक वेगाने जातो. कीबोर्ड मात्र कारखान्यात लावून दिलेल्या स्वरावर ठाम असतो. अलका टॉकीजच्या चौकात भर दुपारी जी कर्कशता जाणवते तिचा मोठा वाटा या बेबनावाचा असतो, आणि त्याच पथकाने त्याच कीबोर्डसह एखादा अभंग वाजवला तरी ती तशीच राहील.

बँडसाठी गाणे लिहिताना पहिला निर्णय पट्टीचा, म्हणजे ‘सा’ कोणत्या स्वरावर धरायचा याचा, असतो, आणि निम्मे यशापयश तिथेच ठरते. आपण पेटीच्या पट्ट्यांवरून ज्याला काळी पाच, काळी दोन किंवा पांढरी चार म्हणतो, त्या पट्ट्यांत ही वाद्ये सुखाने बोलतात. क्लॅरोनेट आणि ट्रंपेट कागदावर लिहिलेल्या स्वरापेक्षा एक पूर्ण स्वर खाली वाजतात, तर आल्टो सॅक्सोफोन सा ते ध एवढ्या अंतराने खाली वाजतो. हल्लीची पुष्कळ गाणी गिटारवर बांधलेली असल्याने ती पांढरी तीनसारख्या, गिटारच्या मोकळ्या तारांना सोयीच्या पट्टीत असतात. ती जशीच्या तशी उतरवली तर क्लॅरोनेटच्या मुलाच्या कागदावर सहा तीव्र चिन्हे (स्वर अर्धा चढवण्याच्या खुणा) येतात आणि सॅक्सोफोनवाल्याच्या कागदावर सात. तेच गाणे अर्धा स्वर खाली, काळी दोनमध्ये घेतले की क्लॅरोनेटला एक कोमल चिन्ह पुरते आणि सॅक्सोफोनला एकही लागत नाही. श्रोत्याला हा फरक कळणार नाही. सातवीतल्या मुलाच्या बोटांना तो पहिल्याच ओळीत कळतो.

पण सोयीची पट्टी म्हणजे प्रत्येक गाण्याला सोयीची असेही नाही. पांढरी चारमध्ये एखादा मुखडा ‘सा रे ग’ याच स्वरांभोवती फिरत असेल, तर क्लॅरोनेटवर ‘रे’ जवळजवळ मोकळ्या वाद्यावर, एका बोटाने चावी दाबून निघतो आणि लगेच पुढच्या ‘ग’ साठी सगळी भोके झाकून, अंगठ्याने सप्तकाची चावी दाबून, करंगळीही कामाला लावावी लागते. वाद्याच्या दोन आवाजांमधला हा सांधा आहे आणि नवशिक्यांची चीं नेमकी तिथेच निघते. मुखड्यात तो सांधा ओळीला चार वेळा ओलांडावा लागत असेल तर मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. हाच मुखडा काळी दोनवर आणला तर ‘सा रे ग’ सांध्याच्या अलीकडेच राहतात आणि मुले गाण्यासारखी वाजवू लागतात. अशा गोष्टी कोणत्याही संगणकाच्या ‘ट्रान्सपोज’ बटणातून मिळत नाहीत. त्या वाद्य हातात धरलेल्या माणसाला माहीत असतात, किंवा अशा माणसाशेजारी बसून लिहिणाऱ्याला.

दुसरा प्रश्न दमाचा. जुन्या हिंदी गाण्यांत गायिका ओळीच्या शेवटच्या स्वरावर थांबते आणि व्हायोलिनचा ताफा वरून खाली धावत येतो. व्हायोलिनला श्वास घ्यावा लागत नाही. ही धाव एकाच क्लॅरोनेटला दिली तर मध्येच भोक पडणार. म्हणून ती पहिल्या आणि दुसऱ्या क्लॅरोनेटमध्ये वाटायची, आणि एक जण संपवतो तोच स्वर दुसऱ्याने सुरू करायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला जोड कळत नाही. ट्रंपेटला मुखडाभर वाजवायला लावून अंतऱ्यात पुन्हा वरच्या सप्तकात नेणारी अरेंजमेंट कागदावर कितीही भारदस्त दिसो, दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत वादकाचे ओठ गेलेले असतात. अंतरा युफोनियमला द्यावा. पुरुषी आवाजाच्या गाण्याला त्याच्याइतके जवळचे दुसरे वाद्य बँडमध्ये नाही, आणि तरीही आपल्याकडे त्याला बहुधा ‘पूं पूं’ करत बसवून ठेवलेले असते. मींड हवी असेल तर ती ट्राँबोनकडे किंवा क्लॅरोनेटकडे सोपवावी, कारण तीन चाव्यांच्या ट्रंपेटवर ओढूनताणून आणलेली मींड विनोदी वाटते. मुरकी (गायकीतले झटपट स्वरांचे वळण) साधी करून घेण्यात कमीपणा नाही. मूळ गायकीचा प्रत्येक दाणा उतरवण्याच्या हट्टापायी चालच हरवलेली मी अनेकदा ऐकली आहे.

पॉप गाण्यांत आणखी वेगळी अडचण येते. त्यांत चाल थोडी आणि ठेका, बेस व ध्वनीचे रंग फार. तीन-चार स्वरांची चाल गायकाच्या शब्दांमुळे आणि उच्चारांमुळे जिवंत राहते. शब्द काढून घेतले की ट्रंपेटवर ती एकाच खिळ्यावर हातोडा मारल्यासारखी ऐकू येते. तिथे दुसऱ्या कडव्याला वाद्य बदलणे, खालून एखादी नवी प्रतिचाल चालवणे, मध्ये चार मात्रा केवळ साइड ड्रमवर ठेवणे असे स्वतःच्या डोक्याचे काहीतरी संयोजकाला घालावेच लागते. सिंथेसायझरचा न थांबणारा बेस खर्जातले मोठे पितळी वाद्य वाजवणाऱ्या एका ट्यूबावाल्याला दिला तर तो चक्कर येऊन बसेल. दोघांना आळीपाळीने द्यावा. आणि कीबोर्डवर डाव्या हाताने धरलेले जवळजवळचे स्वर ट्राँबोन व ट्यूबाला जसेच्या तसे लिहून देऊ नयेत. खर्जात ते एकमेकांत मिसळून नुसती घरघर होते.

‘इंग्रजी सिनेमांच्या धून’ ही तर बँडची हक्काची जागा आहे. ‘स्टार वॉर्स’ची 1977 मधली जॉन विल्यम्स यांची मुख्य धून मुळातच पितळी वाद्यांच्या जोरावर उभी आहे आणि ती आपल्या काळी पाचमध्ये आहे, त्यामुळे ती बँडला सहज मानवते, ट्रंपेटवाल्यांचा दम तेवढा हवा. लालो शिफ्रिन यांनी ‘मिशन इम्पॉसिबल’ या मालिकेसाठी 1966 मध्ये बांधलेली धून पाच मात्रांची आहे. अर्ध्या मात्रा मोजल्या तर दहा, आणि त्यांची विभागणी तीन-तीन-दोन-दोन अशी. चालत्या मिरवणुकीत ती अडचणीची, कारण सम (आवर्तनाची पहिली मात्रा) एकदा डाव्या पायावर येते आणि एकदा उजव्या. 1996 च्या चित्रपटासाठी लॅरी मुलन आणि अ‍ॅडम क्लेटन यांनी केलेली आवृत्ती चार मात्रांत आहे, ती चालताना वाजवावी. सभागृहात बसून मात्र मूळ पाचच ठेवावी, असे मला वाटते. आपल्या मुलांना झपतालाच्या दहा मात्रा परक्या नसतात. त्यात विभागणी दोन-तीन-दोन-तीन असते, ती बदलून हातावर टाळी देत घेतली की ज्या मुलांना कागदावरचे नोटेशन धडकी भरवते तीही थोड्याच वेळात ही लय धरतात. संगीताच्या तासाला हे शिकवण्याऐवजी ‘परदेशी धून नको’ म्हणून वहीच मिटून टाकायची असेल तर माझे काही म्हणणे नाही.

जपानचा दाखला इथे देण्याजोगा आहे. तिथे 1972 पासून ‘न्यू साउंड्स इन ब्रास’ या नावाने लोकप्रिय गाण्यांची आणि चित्रपटधूनींची बँडसाठी लिहिलेली मालिका निघत आली, आणि तिच्यामागचे प्रमुख संयोजक नाओहिरो इवाई यांचे नाव तिथल्या बँडच्या जगात आदराने घेतले जाते. शाळेतल्या बँडला गंभीर रचना आणि पॉप गाणी दोन्ही लागतात, आणि दुसऱ्या प्रकारासाठीही तितक्याच जाणकार माणसाची गरज असते, हे त्यांनी ओळखले. आपल्याकडे निवेदक मूळ संगीतकाराचे, गायकाचे, क्वचित गीतकाराचे नाव सांगतो, मग प्रमुख पाहुण्यांचे आणि शेवटी मंडपवाल्यांचेही. समोर जे प्रत्यक्ष वाजते आहे ते ज्याने लिहिले, त्याचा उल्लेख होत नाही.

कायदा या कामाकडे आपल्यापेक्षा गांभीर्याने पाहतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगीतरचनेच्या वाद्यसंयोजनाला रूपांतर मानले आहे, आणि रूपांतर करू देण्याचा हक्क मूळ हक्कधारकाचा आहे. लग्नाची वरात, धार्मिक सोहळा, किंवा शाळेत विद्यार्थी आणि पालकांपुढे केलेला कार्यक्रम अशा प्रसंगांतल्या वादनाला कलम 52 मध्ये सवलत आहे. पण लिहिलेले भाग छापून विकायचे असतील तर परवानगी घ्यावीच लागते. आपल्या गाण्यांच्या बँडसाठीच्या छापील प्रती बाजारात का दिसत नाहीत, याचे एक कारण हेही असावे. परवानगीची ही वाट सोपी करून देणे संगीत कंपन्यांना अवघड नाही आणि त्यात त्यांचे उत्पन्नही आहे.

परंतु परवानगीपेक्षा मोठी हानी आपल्या निष्काळजीपणामुळे होते. एका शाळेचे बँडचे कपाट नव्या व्यवस्थापनाने रिकामे केले, तेव्हा वाद्ये नोंद करून ठेवली गेली आणि हाताने लिहिलेल्या पार्टच्या, म्हणजे एकेका वाद्याच्या भागाच्या, वह्या रद्दीत गेल्या. वाद्याला चिमट्याने अडकवता याव्यात म्हणून आडव्या कापलेल्या, पावसात शाई पसरू नये म्हणून पेन्सिलीने लिहिलेल्या त्या वह्या होत्या. कोणत्या मुलाने कुठे श्वास घ्यायचा याच्या खुणा त्यांत होत्या, आणि गैरहजर वाद्याची ओळ दुसऱ्या कोणी उचलावी म्हणून बारीक अक्षरांत दिलेले स्वरही. वाद्य पुन्हा विकत घेता येते. त्या वह्या लिहिणाऱ्यांपैकी काही जण आता हयात नाहीत.

म्हणून गणेश मंडळे, शाळा आणि स्पर्धांचे आयोजक यांना आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून विनंती आहे. बँड ठरवताना गाण्यांची यादी मागता तशी ती गाणी कोणी लिहिली आहेत हेही विचारावे आणि फलकावर व निवेदनात ते नाव घ्यावे. निदान एका गाण्याच्या नव्या लेखनाचे मानधन सुपारीत वेगळे धरावे आणि ते तालमींच्या बरेच आधी द्यावे, कारण विसर्जनाच्या आठवड्यात सुचवलेले गाणे ऐकून-ऐकूनच वाजणार. मिरवणुकीत निदान मानाच्या गणपतींपुढे तरी कर्ण्यांची गाडी बँडपासून दूर ठेवावी. शाळांनी पार्टच्या वह्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवले तरी सुरुवातीला पुरे. ज्या शाळांना जुन्या वह्यांतले नोटेशन लावून घेण्यासाठी मदत हवी असेल त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवावे. शनिवारी दुपारी मी मोकळा असतो.

आपला नम्र,
शालेय बँडचा एक निवृत्त प्रशिक्षक
कोथरूड, पुणे