ओकवनातला मठ

बर्लिन

ती. नानाकाकांस,
सा. न. वि. वि.

निसर्गचित्रात पडकी भिंत रंगवली की ते आपोआप उदास होतं का, असं तुम्ही विचारलंत. माझ्या मते, नाही. नुसती पडझड सहलीच्या फोटोसारखी गोड दिसते. वर्गातल्या मुलांना इथल्या आल्टे नॅशनलगॅलरी या संग्रहालयातलं, जर्मन चित्रकार कास्पार डाव्हिड फ्रीड्रिखचं ‘ओकवनातला मठ’ (१८०९-१०) दाखवा. रुंदी १७१ सेंमी, उंची ११०.

भग्न भिंत जवळजवळ मधोमध, तिची उंच खिडकी रिकामी. भोवती निष्पर्ण ओक, खाली बर्फ, थडगी आणि एक उघडी कबर. शवपेटी घेऊन साधू दारातून आत चाललेत. पण आत छप्परच नाही, पलीकडे नुसतं आकाश! मुलांना आधी हे दार दाखवा, कारण सगळा अर्थ तिथे अडकलाय. मग खालचा अंधार आणि वरचा पिवळट उजेड यांची सीमा बोटाने शोधायला सांगा. ती रेघ सापडत नाही, धुक्यात विरते. आपली मुलं नेमकी तिथेच ठसठशीत क्षितिज ओढतात आणि मग भिंत चिकटवल्यासारखी दिसते.

भिंत खरी आहे. फ्रीड्रिखच्या गावाजवळ, ग्राइफ्सवाल्डपाशी, एल्डेनाचा मठ ११९९ साली स्थापन झाला, प्रोटेस्टंट धर्मसुधारणेच्या काळात बंद पडला. पुढे स्वीडिश अमलात त्याच्या विटा शहराच्या तटबंदीला गेल्या. म्हणजे काळाने कमी, माणसांनीच जास्त पाडला. चित्रात मात्र हा हिशेब कुठेच दिसत नाही. हाच मठ त्याने पुढे एका चित्रात थेट डोंगरांत नेऊन ठेवला, आणि ग्राइफ्सवाल्डचं धडधाकट याकोबी चर्च पडकं रंगवलं! तेव्हा भग्नावशेष ‘जसाच्या तसा’ काढायचा आग्रह सोडा.

अर्थांबद्दल मतभेद आहेत. कोणी ओकांत ख्रिस्तपूर्व श्रद्धा पाहतात, भिंतीत ओसरलेलं चर्च, चंद्रकोरीत आशा. कोणी १८०६ च्या पराभवानंतरचा, नेपोलियनखालचा प्रशिया (तेव्हाचं जर्मन राज्य) पाहतात. ओक आणि गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींची जुनी बांधणी, दोन्ही तेव्हा ‘जर्मन’ मानले जात. प्रशियाच्या राजाने १८१० मध्ये हे चित्र ‘समुद्रकाठचा साधू’ या जोडचित्रासह विकत घेतलं. मला राजकीय अर्थ पटतो, पण एकटा तो पुरत नाही.

वर्गासाठी प्रत निवडताना चित्र स्वच्छ केल्यानंतरचा, म्हणजे २०१६ नंतरचा फोटो घ्या. त्याआधीच्या छपाईत जुन्या वॉर्निशचा पिवळेपणा आहे, त्यामुळे आकाश मळकट दिसतं आणि साधू अंधारात बुडतात.

काकूंना नमस्कार.

तुमची,
धाकटी पुतणी